रखमाबाई आणि नांदण्याचा हुकूम

अकरा वर्षांच्या मुलीची सही घेऊन कर्जतच्या किंवा चौकच्या पेठेंत कोणी व्यापारी माल उधार देईल काय? देणार नाहीं, आणि दिलाच तर त्या सहीवर फिर्याद चालविण्यास कोणी वकीलहि धजणार नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्यानें अज्ञान मनुष्य करार करण्यास पात्र नाहीं असें ठरविलें आणि १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यानें सामान्यतः अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणी सज्ञान होत नाहीं असें सांगितलें. परंतु ह्या दुसऱ्या कायद्याच्या अगदीं आरंभींच एक अपवाद घालून ठेवलेला आहे. लग्न, मेहेर, काडीमोड व दत्तक ह्या बाबतींत तो कायदा हात घालीत नाहीं. म्हणजे भाताच्या एका खंडीचा सौदा जिच्या हातून होऊं शकत नाहीं, तिच्या सबंध जन्माचा सौदा दुसऱ्यांनीं केला तरी तो मात्र तिच्यावर बंधनकारक! हा कायदा होतो न होतो तोंच मुंबईंत एका अकरा वर्षांच्या मुलीचें लग्न लागलें, आणि पुढें दहा वर्षांनीं त्या लग्नानें मुंबईपासून विलायतेपर्यंत न्यायासनें व वर्तमानपत्रें हालवून सोडलीं. ती मुलगी म्हणजे डॉक्टर रखमाबाई होत.

रखमाबाईंचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकलें असेल. त्यांच्यावर चित्रपटहि निघाला आहे. परंतु खटल्यांतील कायद्याचा भाग सहसा कोणी समजावून सांगत नाहीं, आणि तोच भाग अजून जिवंत आहे. यासाठीं त्यांचें चरित्र थोडें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईंत सुतार ज्ञातींतील एका सुखवस्तु कुटुंबांत झाला. पित्याचें नांव जनार्दन पांडुरंग, मातेचें जयंतीबाई. जयंतीबाईंचें लग्नहि बालपणींच झालेलें. मुलगी दोन-अडीच वर्षांची असतांना त्यांस वैधव्य आलें, तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. कांहीं वर्षांनीं त्यांनीं डॉक्टर सखाराम अर्जुन ह्या विधुर गृहस्थांशीं पुनर्विवाह केला. पुनर्विवाह करण्यापूर्वीं त्यांनीं पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नांवें करून दिली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. पांढरपेशा लोकांचा असा समज असतो कीं, विधवेनें पुन्हा लग्न करणें ही इंग्रजी शिक्षणानंतरची नवलाई आहे. वस्तुतः सुतारांत ती चाल होती, आणि आमच्या खालापूर-कर्जत भागांतील आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी ह्या मंडळींतहि पाट लावण्याची व काडीमोड घेण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. पंचांसमोर बसून न पटणारा संसार मोडतां येत असे. ती व्यवस्था निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. पंचांतहि पुरुषच असत. तरी पण ज्या घरीं मन रमत नाहीं तेथें बाईनें राहिलेंच पाहिजे, न राहिल्यास तिला तुरुंगांत घालावें, असा हुकूम आमच्या कोणत्याहि गांवच्या पंचायतीनें काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तो हुकूम काढण्यास मुंबईचें हायकोर्ट लागलें.

सखाराम अर्जुन हे मोठे विद्वान् गृहस्थ होते. वैद्यकाप्रमाणेंच वनस्पतिशास्त्रांतहि त्यांची गति असून १८८३ सालीं मुंबईंत निसर्गेतिहासाची जी प्रसिद्ध मंडळी स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते. अशा घरांत सुद्धां सावत्र मुलीचें लग्न अकराव्या वर्षीं झालें! वर दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यांतला. त्यानें सासुरवाडीस राहावें, शिक्षण घ्यावें आणि मग संसारास लागावें, असा बेत होता. परंतु पुस्तकांत त्याचें मन रमलें नाहीं. तो घर सोडून आपला मामा नारायण धुर्माजी याच्याकडे जाऊन राहिला, त्याची प्रकृति बिघडली आणि डोक्यावर कर्जहि झालें. इकडे मुलगी वयांत आली तरी इतक्या लहान वयांत संसार सुरू करण्यास डॉक्टर ह्या नात्यानें सखाराम अर्जुनांचा विरोध होता. त्यामुळें ती माहेरींच राहिली आणि शाळा सुटली तरी घरीं बसून मिशनच्या ग्रंथालयांतून पुस्तकें आणून वाचूं लागली. आईबरोबर ती प्रार्थनासमाजाच्या सभांस व आर्य महिला समाजांतहि जात असे. एकाच मांडवांत बोहल्यावर चढलेलीं हीं दोन मुलें दहा वर्षांत दोन निराळ्या जगांत जाऊन पोंचलीं. ह्यांत दोष द्यावयाचा तर तो दोघांसहि न विचारतां ज्यांनीं अक्षता टाकल्या त्यांस दिला पाहिजे. आम्हांस दादाजीविषयीं द्वेष वाटत नाहीं. त्यालाहि ह्या रूढीनेंच फसविलें. मात्र त्याच्या हातांत कायद्यानें एक काठी दिली होती आणि तिच्या हातांत कांहींच दिलें नव्हतें.

मार्च १८८४ मध्यें दादाजीनें वकिलामार्फत नोटीस देऊन बायकोस नांदावयास पाठविण्याची मागणी केली. रखमाबाईंनीं नकार दिला. नवऱ्याची प्रकृति ठीक नाहीं, तो पोसण्यास समर्थ नाहीं, आणि ज्या घरीं तो राहतो तेथें राहणें आपणांस मान्य नाहीं, हीं कारणें कोर्टापुढें आलीं. परंतु सर्वांच्या मुळाशीं असलेलें कारण हें होतें कीं, ज्या लग्नास आपली संमति कोणी विचारली नाहीं तें आपण मानीत नाहीं. दादाजीच्या पक्षाचें म्हणणें असें पडलें कीं, हा सारा मिळकतीचा कावा आहे. मुलगी सासरीं गेली तर तिच्या नांवची मिळकत हातची जाईल म्हणून माहेरची माणसें तिला अडवून धरीत आहेत. हा आरोप कोणीहि करूं शकतो. पण मिळकतीच्या लोभानें बाई नांदावयास जात नाहीं हें जर संभवतें, तर मिळकतीच्या लोभानें नवरा तिला नांदावयास बोलावतो हेंहि तितकेंच संभवतें, इतकें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

दाव्याचा निकाल लागण्यापूर्वींच, एप्रिल १८८५ मध्यें, सखाराम अर्जुन वारले. वीस वर्षांची मुलगी आणि तिची दुसऱ्यांदा विधवा झालेली आई, मागें उरल्या. असें असतां त्याच वर्षीं रखमाबाईंनीं मुंबईच्या टाइम्स पत्रांत एक हिंदु स्त्री ह्या टोपणनांवानें बालविवाहावर व सक्तीच्या वैधव्यावर दोन पत्रें लिहिलीं. बालविवाहानें मुलाचें शिक्षण खुंटतें, परंतु मुलीचें आयुष्यच संपतें, हा त्यांतील मुद्द्यांचा मथितार्थ. पत्रें लिहिणारी बाई कोण हें पुढें उघड झालें तेव्हां पुष्कळांस आश्चर्य वाटलें.

२१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा काढून टाकला. त्यांचा निकाल आम्हीं लक्षपूर्वक वाचला आहे, आणि तो केवळ दयाबुद्धीनें दिलेला नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. नांदविण्याचा हा दावा मुळांत हिंदु धर्मशास्त्रांतला नव्हेच. इंग्लंडांत पूर्वीं लग्नाचे तंटे ख्रिस्ती धर्मपीठाच्या कोर्टांपुढें चालत. त्या कोर्टांनीं वेगळ्या राहणाऱ्या नवराबायकोस पुन्हा एकत्र आणण्यासाठीं हा उपाय काढला. तेथून तो इंग्रजी न्यायाधीशांच्या बरोबर जहाजांत बसून इकडे आला, आणि १८६७ सालीं एका मुसलमान कुटुंबाच्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें त्यावर मान्यतेची मोहोर उठविली. पिन्हेसाहेबांचें म्हणणें असें कीं, जीं नवराबायको कधीं एकत्र राहिलींच नाहींत त्यांच्यांत पूर्वस्थिति परत आणावयाची ती कोणती? अशा स्थितींत तरुण स्त्रीस बळजबरीनें पुरुषाच्या घरीं धाडणें त्यांस रानटीपणाचें वाटलें, आणि तसें करण्यास भाग पाडणारा एकहि आधार त्यांस सांपडला नाहीं.

ह्या निकालावर जें वादळ उठलें त्याची कल्पना आज येणें कठीण आहे. मुंबईचीं सुधारक पत्रें एका बाजूस, पुण्याचीं दुसऱ्या बाजूस. आमचा मुलूख ह्या दोन शहरांच्या अगदीं मध्यें: लोधिवली मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर, आणि घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या टपालगाड्या १८६३ पासून कर्जतावरून जाणाऱ्या. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आमच्याच दारावरून जात असत. धर्म बुडाला, परकी न्यायाधीशानें आमच्या घरांत हात घातला, अशी हाकाटी झाली. लोकमान्य टिळकांनींहि केसरी व मराठा ह्या पत्रांतून पिन्हे यांच्या निकालावर कठोर टीका केली आणि रखमाबाईंच्या वर्तनास इंग्रजी शिक्षणाचें फळ ठरविलें.

लोकमान्यांविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो येथें पुन्हा सांगण्याची गरज नाहीं. स्वराज्याचा मंत्र ज्यांनीं दिला त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची योग्यता नाहीं. परंतु ह्या प्रश्नांत ते चुकले, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें मत राष्ट्रीय बाण्यास सोडून नाहीं. परकी सरकारनें आमच्या समाजव्यवस्थेंत ढवळाढवळ करूं नये हें त्यांचें तत्त्व घटकाभर मान्य करूं. मग ढवळाढवळ कोणी केली? नांदविण्याचा दावा हीच परकी वस्तु होती. तो फेटाळणाऱ्या न्यायाधीशानें ती वस्तु बाहेर ठेवली, आणि स्वधर्माचे कैवारी म्हणविणाऱ्यांनीं ख्रिस्ती धर्मपीठाचा तो जुना दंडुका मनुस्मृतीच्या वेष्टनांत गुंडाळून घरांत आणला. पत्नीनें पतिगृहीं राहावें असा शास्त्रांत उपदेश आहे, हें खरें. परंतु उपदेश निराळा आणि दिवाणी तुरुंग निराळा. शिवाय स्वतः इंग्लंडानें १८८४ सालीं असा हुकूम न पाळणाऱ्यास तुरुंगांत घालण्याची शिक्षा रद्द केली होती. आमच्याकडे मात्र १८८२ च्या दिवाणी कायद्यांत ती कायम होती. जी गोष्ट केल्यानें इंग्रज बाईस कैद होत नसे त्याच गोष्टीसाठीं हिंदी बाईस कैद. आणि हिचें समर्थन राष्ट्रीय पत्रांनीं करावें! गोपाळ गणेश आगरकर अशाच सामाजिक मतभेदांतून १८८७ सालीं केसरींतून बाहेर पडले व पुढच्या वर्षीं त्यांनीं सुधारक काढला, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

अपील झालें. मुख्य न्यायमूर्ति सर चार्लस सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं १८८६ सालीं पिन्हे यांचा निकाल फिरविला. विवाहविधि पुरा झाला कीं हिंदु लग्न पुरें झालें. पुढें संसार झाला किंवा न झाला, नवऱ्याचा हक्क तितकाच, असें त्यांनीं ठरविलें आणि दावा फेरचौकशीस पाठविला. रखमाबाईंच्या वतीनें इन्व्हरॅरिटी यांच्याबरोबर आमचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग उभे होते. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईंनीं महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा.

ह्या तारखेच्या सहाच दिवस अगोदर, २६ फेब्रुवारीस, कल्याणच्या डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यांत क्षयानें वारल्या होत्या. नवऱ्याच्या इच्छेनें शिकणारी स्त्री आणि नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध उभी राहणारी स्त्री, दोघीहि एकाच आठवड्यांत लोकांच्या तोंडीं होत्या. पहिलीसाठीं सारें पुणें हळहळलें. दुसरीसाठीं हळहळणारे थोडे.

रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. बावीस वर्षांच्या ह्या बाईनें कोणतीहि सभा भरविली नाहीं, झेंडा उभारला नाहीं. परंतु अन्यायाचा हुकूम पाळण्यापेक्षां त्याची शिक्षा भोगूं, हा तिचा निश्चय होता. पुढें तीस-पस्तीस वर्षांनीं हाच मार्ग साऱ्या देशानें चोखाळला, तेव्हां त्याचें कौतुक झालें. १८८७ सालीं त्यास हट्ट म्हणत.

विलायतेंत मॅक्स म्यूलरसारख्या पंडितांनीं तिची बाजू घेतली, मुंबईंत तिच्या बचावासाठीं मंडळ स्थापन झालें, पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत तिची कहाणी सांगितली. पुढें लोकांत अशी गोष्ट पसरली कीं, राणी व्हिक्टोरियानें मध्यें पडून तें लग्न रद्द केलें. ती गोष्ट ऐकावयास गोड आहे, परंतु खरी नाहीं. दावा मिटला तो आपल्या बाजारांत दावे मिटतात तसाच: जुलै १८८८ मध्यें दादाजीनें दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची बजावणी न करण्याचें कबूल केलें. त्यानें पुढें दुसरें लग्न केलें. त्यास कायद्याची आडकाठी नव्हतीच. हिंदु पुरुषास एकीवर दुसरी करण्याची बंदी मुंबई इलाख्यांत १९४६ सालीं आली. रखमाबाईंस मात्र ती मोकळीक नव्हती. लग्न मोडलें नव्हतें. फक्त तुरुंग टळला होता.

मग मुंबईच्या कामा हॉस्पिटलांतील डॉक्टर एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनानें त्या १८८९ सालीं विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत शिकल्या, ब्रुसेल्सची एम्. डी. ही पदवी मिळविली आणि १८९४ नंतर हिंदुस्थानांत परत येऊन सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळांत रुजू झाल्या. आरंभीं बाळंतपणासाठीं इस्पितळांत पाऊल टाकण्यास एकहि बाई धजेना, तेव्हां त्यांनीं एक गाभण शेळी आणवून तिची सुटका तेथें करून दाखविली, अशी आठवण सांगितली जाते. वीसहून अधिक वर्षें सुरतेस आणि पुढें सुमारें १९३० पर्यंत राजकोटास त्यांनीं काम केलें. ज्या बाईला संसार करतां येत नाहीं म्हणून समाजानें नांवें ठेविलीं, तिच्या हातांत हजारों संसारांची लेंकरें जन्मास आलीं. १९०४ सालीं दादाजी वारला तेव्हां रखमाबाईंनीं विधवेचें पांढरें वस्त्र घेतलें, असें त्यांचे चरित्रकार लिहितात. ह्या कृत्याचा अर्थ नाना लोकांनीं नाना प्रकारें लाविला आहे. आम्ही तो लावूं इच्छीत नाहीं. नवऱ्याच्या घरीं जावें कीं नाहीं हें जसें त्यांचें त्यांनीं ठरविलें, तसेंच हेंहि ठरविलें.

कायद्याचें चाक तिकडे हळूहळू फिरत होतें. संमतिवयाचा कायदा १८९१ सालीं होऊन दहाचें वय बारा झालें. त्यास कारण कलकत्त्याच्या फुलमणी ह्या कोंवळ्या मुलीचा नवऱ्याच्या हातून झालेला मृत्यु होता, परंतु त्यापूर्वींचीं पांच-सहा वर्षें रखमाबाईंच्या खटल्यानें लोकांचें मन नांगरून ठेविलें होतें. नांदण्याच्या हुकमासाठीं कैद करण्याची तरतूद १९२३ सालीं गेली, जप्ती राहिली. रखमाबाई निवृत्त होऊन मुंबईंत राहिल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजीं नव्वदाव्या वर्षीं वारल्या.

आतां वकील वाचकांनीं ही तारीख दुसऱ्या एका तारखेशेजारीं मांडून पाहावी. हिंदु विवाहाचा कायदा १८ मे १९५५ रोजीं अमलांत आला. त्यानें स्त्रीस घटस्फोट दिला, पुरुषाची बहुपत्नीकता बंद केली, ह्याबद्दल तो धन्यच आहे. परंतु त्याच कायद्याच्या नवव्या कलमांत नांदविण्याचा तो विलायती दावा जसाचा तसा आणून बसविला. रखमाबाई त्या वेळीं हयात होत्या. ज्या हक्काशीं त्या तरुणपणीं झगडल्या तो त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतंत्र हिंदुस्थानच्या लोकसभेनें नव्यानें लिहून काढला. इंग्लंडानें तो आपल्या कायद्यांतून १९७० सालीं काढून टाकला. आम्हीं उष्टें ताट जपून ठेविलें. आंध्र हायकोर्टानें १९८३ सालीं तें कलम घटनेविरुद्ध ठरविलें, तर पुढच्याच वर्षीं सुप्रीम कोर्टानें दुसऱ्या एका दाव्यांत तें कायम केलें. २०१९ सालीं त्यास पुन्हा आव्हान देण्यांत आलें.

कोणी म्हणेल, कलम नवराबायको दोघांसहि सारखेंच उघडें आहे. कागदावर आहे. परंतु कोर्टांत वावरणारास ठाऊक असतें कीं, बायकोनें पोटगी मागितली म्हणजे तिकडून उत्तर म्हणून नांदण्याचा दावा पडतो, आणि घरीं परत बोलावण्यापेक्षां पोटगी चुकविण्याकडे त्याचा रोख अधिक असतो. १० जानेवारी २०२५ रोजीं सुप्रीम कोर्टानें असें ठरविलें कीं, नांदण्याचा हुकूम बायकोनें पाळला नाहीं एवढ्यावरूनच तिची पोटगी बुडत नाहीं. हा आधार आमच्या भागांतील प्रत्येक वकिलानें आपल्या टिपणांत उतरून घ्यावा.

आणि बालविवाह? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. २००६ च्या कायद्यानें असें लग्न लावणारा गुन्हेगार ठरतो; परंतु लग्न सामान्यतः आपोआप रद्द होत नाहीं. तें रद्द करून घेण्यासाठीं त्या मुलीनें स्वतःच जिल्हा न्यायालयांत जावें लागतें, आणि तेंहि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत, म्हणजे विसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं. लोधिवलीच्या आसपासच्या एखाद्या वाडीवरील मुलीस ही मुदत कोणी सांगितलेली असते काय? गांवची शाळा, ग्रामपंचायत आणि लग्नाचा बस्ता बांधून देणारे आमचे कापडवाले, ह्यांपैकीं निदान कोणी एकानें ती सांगावी. बस्ता बांधतांना वधूचें वय विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.